पाटावरची बंडुरा

तंगेडू आला बाजारात. काल सकाळी कुकटपल्लीच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक बाई टोपली घेऊन बसली होती, वर ओला पंचा टाकलेला, आणि पंच्याच्या कडेतून तो पिवळाधमक रंग बाहेर सांडत होता. आपण मराठीत त्याला तरवड म्हणतो. माळावर, रेल्वेच्या कडेला उगवतो, एरवी कुणी ढुंकून बघत नाही. पण पितृपक्ष सरत आला की इथे हैदराबादेत त्याच्यासाठी बायका भांडतात. बतुकम्मा, इथल्या बायकांची फुलांची देवी, रचायची तर तंगेडू हवाच, त्याशिवाय ती फुलांची उतरंड उभीच राहत नाही. मी वाकून एक जुडी उचलली, नाकाशी नेली. तो वास काही गोड नाही. हिरवा, कडवट, पाल्याचा. आणि मी पैसे द्यायचे विसरून तशीच वाकून राहिले. इतकी वर्षं झाली, तरी होतंच असं. सून म्हणाली, आई, बरं वाटत नाही का? आता तिला काय सांगू, की ही फुलं हुंगली की मला टेलिफोनची घंटा ऐकू येते म्हणून.

आमच्या सोसायटीत आता पुण्या-मुंबईकडच्या मुली पुष्कळ आहेत, कॉम्प्युटरवाल्या. त्यांचा भोंडला खाली हॉलमध्ये होतो. हत्ती छापून आणलेला असतो, गाणी मोबाइलमध्ये बघून म्हणतात. मी नावं ठेवत नाही. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी फेर धरतात, हेच पुष्कळ झालं. पण फेर सुरू झाला की माझे डोळे त्यांच्या हातांवर जातात. कुणाचा हात कुणाच्या हातात आहे, घट्ट धरलाय की नुसती बोटं टेकवलीत. ही खोड मला एका शरदात लागली ती लागलीच.

तेव्हा आम्ही बरकतपुऱ्यात राहायचो. तीन मजली इमारत, दारात कडुनिंब, वर सगळ्यांची मिळून एक गच्ची. आमच्या समोरचं दार नलिनीवहिनींचं. त्यांचं मूळ वसमतकडचं, आमचं नांदेडकडचं, म्हणजे दोन्ही घरांत ज्वारी गावाहून यायची आणि बोलता बोलता ‘हौ’ आणि ‘नक्को’ तोंडात यायचं. वहिनींचा एकुलता एक श्रीकांत इंजिनिअर व्हायला रशियात गेला आणि येताना बायको घेऊन आला. गालीना. वहिनी ना रडल्या, ना चिडल्या. ताटात तांदूळ पसरले, श्रीकांतच्या हातात अंगठी दिली आणि नाव लिहायला सांगितलं, गौरी. रंग बघून दुसरं काही सुचलंच नाही गं, असं मला नंतर म्हणाल्या.

गालीना खरं म्हणजे रशियन नव्हतीच. ती युक्रेनची, पोल्तावाकडच्या एका खेड्यातली. ती हे सांगायची, आम्ही हो हो म्हणायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रशियाच म्हणायचो. मग एकदा तिनं शांतपणे विचारलं, काकू, तुम्हाला मी रोज तेलुगू म्हटलं तर? तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं.

तिच्या सामानात गोधडीत गुंडाळलेलं एक मोठं बोचकं होतं. हमालानं ते उतरवताना वरून चाचपलं आणि विचारलं, ‘अम्मा, ये सितार पेट से है क्या?’ त्याचं चुकलं नव्हतं. ती बंडुरा. लाकडी पोट एका अंगाला जास्त फुगलेलं, आखूड मान, आणि तारा इतक्या की मी मोजायला बसले की दर वेळी वेगळा आकडा यायचा. वीणेचं पोट घ्या आणि त्यावर स्वरमंडळाच्या तारा पसरा, म्हणजे जवळपास तसं. पडदे नाहीत, दाबायचं काही नाही, प्रत्येक सुराची तार वेगळी. मांडीवर उभी धरायची, छातीशी, लेकरू खांद्यावर घेतात तशी. डाव्या हातानं जाड तारा, उजव्या हातानं बारीक. तिच्या वडिलांची होती ती. तिकडे जुन्या काळी आंधळे गाणारे ही घेऊन गावोगाव फिरायचे, आपल्याकडे वासुदेव यायचा तसे, आणि दारात बसून लढायांची, मेलेल्यांची गाणी म्हणायचे. तिचे वडील आंधळे नव्हते. पण वाजवताना डोळे मिटून घ्यायचे, म्हणून लहानपणी तिला वाटायचं की बंडुरा वाजवली की माणूस तेवढ्यापुरता आंधळा होतो.

आमच्या उन्हाळ्यात त्या लाकडाला तडा जाईल म्हणून ती बंडुरेशेजारी पाण्याचा माठ ठेवायची. आधी वहिनी हसल्या. पुढच्या वर्षी माठ त्यांनीच भरून ठेवला. दुपारी सगळी गल्ली झोपली की समोरच्या दारातून त्या तारांचा आवाज यायचा. सतारीसारखा लांब रेंगाळणारा नाही, थेंबांसारखा. मी काही गाण्यातली नाही. पण कुकरचं झाकण हातात धरून मी स्वयंपाकघरात नुसती उभी राहिलेली आहे, हे मला आठवतं.

हे सगळं चांगलं चाललं होतं. तारा नावाची एक गोड पोर झाली, ती आजीशी मराठी बोलायची, आईशी युक्रेनी, आणि जिन्यात तेलुगू. मग ते वर्ष आलं.

ते वर्ष असं होतं की रोज काहीतरी उघडत होतं आणि रोज काहीतरी बंद पडत होतं. हिमायतनगरच्या दुकानांत परदेशी साबण दिसायला लागले. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाटीचे टेलिफोन बूथ निघाले. समोरच्या गच्चीवर कुणीतरी मोठी छत्री बसवली आणि घरात बसून जग दिसायला लागलं. आमचे हे पेपर वाचताना मान हलवायचे आणि म्हणायचे, दारं उघडली बरं का आता. आणि त्याच उघड्या दारांतून श्रीकांतची नोकरी बाहेर गेली. त्याच्या कारखान्यात माल बनायचा तो सगळा गालीनाच्याच मुलखात जायचा. तिकडून मागणी यायची थांबली. खोकी भरलेली, खिळे ठोकलेली, नुसती पडून. हा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जायचा आणि त्या खोक्यांकडे बघून परत यायचा.

आणि टीव्हीवर तो मुलूख दिसायचा. रस्त्यात रणगाडे, माणसांची गर्दी, कुणी रडतंय, कुणी झेंडे नाचवतंय. गालीना टीव्हीच्या अगदी जवळ उभी राहायची, जणू त्या गर्दीत तिच्या ओळखीचं कुणी दिसणार आहे. तिची आई खेड्यात एकटी होती. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. टेलिफोन आमच्या मजल्यावर एकच, वहिनींकडे. ती कॉल लावून बसायची, तासन् तास. लागायचा नाही. त्या दिवसांत तिनं बंडुरेला हात लावला नाही. वहिनी माठ मात्र भरत होत्या, पावसाळ्यात कुणाला माठ लागतो?

त्या वर्षी पाऊस लवकर उघडला आणि तंगेडू भरभरून आला. आमच्या वॉचमनची बायको यादम्मा टोपल्याच्या टोपल्या आणून जिन्याखाली ओतायची, आणि इमारतीतल्या आम्ही सगळ्या बायका खाली बसून देठ खुडायचो. संध्याकाळी खाली त्यांची बतुकम्मा, टाळ्या देत, वाकत, फुलांच्या उतरंडीभोवती. घटस्थापनेपासून वर गच्चीवर आमचा भोंडला, पाटावरच्या हत्तीभोवती. दोन्हीकडची गाणी एकमेकींत मिसळायची. गालीना एरवी दोन्हीकडे नाचायची. तिला बघून यादम्मा म्हणायची, दोरसानम्माला येतं. दोरसानी म्हणजे मडमीण. त्या वर्षी मात्र ती कठड्याला टेकून नुसती उभी.

ताराच म्हणाली, आई, तुझा नाच शिकव ना सगळ्यांना. गालीना नको म्हणाली. तो वसंतातला नाच, म्हणाली. बर्फ वितळलं की पोरी शिवारात जाऊन नाचतात, तो या ऋतूत नाचायचा नसतो, आजी रागावायची. वहिनी पटकन म्हणाल्या, ‘अगं, इथं फुलं आत्ता येतात, मग आमचा वसंत आत्ताच.’ मला वाटतं त्यांना तिला कसंही करून त्या कठड्यापासून दूर करायचं होतं.

त्या नाचाला वाकडा नाच म्हणतात, असं तिनं सांगितलं. तीन लेकरं एकमेकांपासून दूर तीन खुंट्यांसारखी बसवायची. मग सगळ्या बायकांनी एकमेकींचे हात धरून लांब साखळी करायची आणि त्या लेकरांच्या भोवतीनं नागमोडी जायचं, याच्या उजवीकडून, त्याच्या डावीकडून, पुन्हा वळून. पहिली नेईल तिकडे. मध्ये देव नाही, हत्ती नाही, फुलं नाहीत. आणि हात सुटता कामा नयेत. साखळी तुटली तर? वर आलेल्या यादम्मानं विचारलं. गालीनानं सांगितलं, आमच्या गावात म्हणतात, मग त्या घरातलं कुणीतरी जातं.

भोंडल्याचा फेर बंद असतो, हे माझ्या त्याआधी कधी ध्यानात आलं नव्हतं. फिरत फिरत तुम्ही पुन्हा जिथल्या तिथे. आपण बायका त्यातच सुखी असतो, कारण कुठे जायचं आहे हा प्रश्नच नाही. तिचा नाच तसा नव्हता. त्यात पुढचं टोक मोकळं होतं. आधी चालत, मग झपाझप. गालीना सगळ्यांच्या पुढे, तिचा हात वहिनींच्या हातात, वहिनींचा माझ्या, मागे यादम्मा आणि बाकीच्या. ती बारीक आवाजात म्हणत होती, एकच ओळ वर चढून पुन्हा खाली यायची. गुडघे कुरकुरत होते, आम्ही हसत होतो. वहिनींच्या तळव्याला घाम आला होता. आणि खाली टेलिफोन वाजला.

लांब लांब घंटा. ट्रंक कॉलची घंटा वेगळी वाजायची, ज्यांनी ऐकलीय त्यांना ठाऊक. गालीनानं हात सोडला आणि धावली.

आम्ही तशाच उभ्या राहिलो. वहिनी आपला रिकामा हात पुढे धरून होत्या. तो त्यांनी बऱ्याच वेळानं खाली घेतला.

फोन तिच्या गावच्या शेजारणीचा होता. तालुक्याला येऊन लावला होता बिचारीनं. आई विहिरीवर घसरली, कंबरेचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळली. हिवाळा तोंडावर, आणि सरपण फोडायलाही घरात कुणी नाही. गालीनानं दोन दिवसांत ठरवून टाकलं, मी जाते, ताराला घेऊन जाते. आजीनं नातीचं तोंडही पाहिलेलं नाही. श्रीकांतनं धावपळ करून दिल्लीपर्यंतचं रेल्वेचं आणि पुढचं विमानाचं जमवलं. गाडी दसऱ्याच्या सकाळची मिळाली.

यात कुणाला काय बोलायला जागा होती? आई पडली, लेक निघाली. वहिनींनी स्वतः लाडू वळले, ताराला दोन स्वेटर विणायला घेतले. पण जिन्यात बायका थांबून बोलायला लागल्या. नवऱ्याला नोकरी नाही, हिचा देश फुटायला लागलाय, लेकरू बरोबर नेतेय. यादम्मा फुलं खुडता खुडता एवढंच म्हणाली, ‘दोरसानम्मा पोतदी.’ जाणार. तिनं काही वाईट मनानं म्हटलं नव्हतं, पाऊस येणार म्हणावं तसं म्हटलं. पण वहिनी तिथेच देठ खुडत बसल्या होत्या.

आणि मग मी सामान भरायला मदत करायला गेले तर गोधडी पसरलेली होती. तीच, येताना आणलेली. त्यावर बंडुरा.

मी विचारलं, ही कशाला गं? वाटेत सांभाळायची कशी?

ती बंडुरेच्या तारा पुसत होती. वर न बघता म्हणाली, तिथे लागेल.

मी घरी आले, भात टाकला, पण ते दोन शब्द काही मनातून जाईनात. तिथे लागेल. चार महिन्यांत येते म्हणून सांगून जाणाऱ्या बाईला काय लागतं? स्वेटर लागतो, औषधं लागतात. वहिनींनाही तेच दिसलं होतं. त्या मला म्हणाल्या, ‘सुशीला, माहेरी आठ दिवस जाणारी बाई घरातला पाटा-वरवंटा उचलून नेते का?’   आमच्या दोघींच्या हिशेबी सगळं त्या एका लाकडावर आलं होतं. बंडुरा राहिली तर ती येईल. बंडुरा गेली तर गेली.

खंडेनवमीच्या सकाळी मी हळद-कुंकवाचं बोलवायला समोर गेले. देवघरापुढे पाट मांडलेला. त्यावर श्रीकांतची पुस्तकं, ताराची पाटी, विळी, अडकित्ता, शिवणाची कात्री. आणि मधोमध, भिंतीला टेकून, बंडुरा. झेंडूची माळ घातलेली, पोटावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, पायाशी अक्षता. वहिनी हात जोडून बसल्या होत्या. आपल्याकडे पूजेला मांडलेलं शस्त्र म्हणा, पुस्तक म्हणा, वाद्य म्हणा, उत्तरपूजा होईपर्यंत उचलत नाहीत. वापरायचं तर नाहीच, जागचं हलवतसुद्धा नाहीत. हे त्या घरात आलेल्या सुनेलाही इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

गालीना बाजारातून आली, चपला काढता काढता थांबली.

‘आई, ही उद्या माझ्याबरोबर येणार आहे.’

‘पूजेला बसलेली वस्तू उठवत नाहीत, गौरी. उद्या नैवेद्य झाला की उत्तरपूजा.’

‘नैवेद्य दुपारी असतो. गाडी सकाळी आहे.’

‘मग राहू दे की. येशील तेव्हा इथेच असेल.’

 श्रीकांत दारात येऊन उभा राहिला आणि तसाच आत गेला. गालीनाचा चेहरा पांढरा होताच, तो आणखी कसा होणार, पण ओठांचाही रंग गेला. ती हळू आवाजात म्हणाली, ‘तुम्ही मुद्दाम मांडली.’

‘हौ,’ वहिनी म्हणाल्या. ‘मुद्दाम मांडली.’

मी दोघींच्या मध्ये करंडा घेऊन उभी. मला वाटलं ही आता पुढे होईल आणि माळ तोडून बंडुरा उचलेल. तिचा हात तसा वर आलाही. वहिनी हलल्या नाहीत. मग गालीनानं हात खाली घेतला, ताराला पोटाशी धरलं आणि आतल्या खोलीत गेली. तो दिवसभर समोरचं दार उघडं होतं आणि आतून भांड्याचाही आवाज येत नव्हता. त्या संध्याकाळी गच्चीवर भोंडला झाला पण माझा हात पकडायला ना डावीकडे वहिनी होत्या, ना उजवीकडे गालीना.

दसऱ्याला आपण सीमा ओलांडतो. गावाची वेस ओलांडायची, सोनं लुटायचं आणि परत यायचं. परत यायचं हे कुणी सांगत नाही, ते धरलेलंच असतं.

सकाळी खाली रिक्षा येऊन उभी राहिली. श्रीकांतनं बॅगा नेल्या. तारा नवा स्वेटर घालूनच बसली होती, हैदराबादच्या उकाड्यात, काढायला तयार नव्हती. गालीना दारात आली, तिच्या हातात पर्स होती फक्त, गोधडी नव्हती. म्हणजे तिनं मानलं होतं. तिचे डोळे सुजले होते. मला वाटलं, वहिनी जिंकल्या. आणि मला त्याचा आनंद का होत नाहीये ते कळेना.

तेवढ्यात आतून पुरणाचा वास आला. मग घंटी वाजली. वहिनी न्हाऊन, केस नुसते बांधून, देवघरापुढे उभ्या. पहाटेच उठून त्यांनी नैवेद्य केला होता. पाटापुढे केळीच्या पानावर पुरणपोळी, वरण, भात, सगळं मांडलेलं. त्यांनी गालीनाला हाक मारली. ‘गौरी, इकडे ये. हात जोड.’

नैवेद्य दाखवला. आरती केली. मग त्यांनी उजव्या हातात अक्षता घेतल्या, गालीनाच्या हातात दिल्या, तिचा हात आपल्या हातात धरून त्या बंडुरेवर टाकायला लावल्या. आपला देव बोळवताना जागचा किंचित हलवतात. वहिनींनी बंडुरेच्या मानेला दोन बोटं लावली आणि तांदळाएवढी हलवली. तारा झिणझिणल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाजली ती, कुणी न वाजवता. वहिनी म्हणाल्या, ‘पुनरागमनायच.’ गालीनानं विचारलं, म्हणजे?

‘म्हणजे पुन्हा येण्यासाठी जा.’

मग माळ काढली, गोधडी पसरली आणि म्हणाल्या, ‘उचल आता. टाइम होतोय.’ खाली रिक्षावाला ओरडतच होता, अम्मा, गाडी निकल जाती. वहिनींनी तिच्या तळव्यावर दही घातलं. ताराच्याही. रिक्षा कोपऱ्यावर वळली, गोधडीचं एक टोक बाहेर लोंबत होतं. वहिनी मला म्हणाल्या, ‘अडवून ठेवलेली पूजा काय कामाची? निदान ये म्हणून तरी पाठवली.’ आणि वर जाऊन त्यांनी माठ पालथा घातला.

मग वाट बघणं. वाट बघण्याचं काय वर्णन करणार, ते सगळ्यांचं सारखंच असतं. दोनदा फोन आला, आवाज विहिरीतून आल्यासारखा. पोचलो. बर्फ पडतंय. आई उठत नाही. मग काहीच नाही. श्रीकांतचा कारखाना बंद झाला तो झालाच, त्यानं एका नव्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम शिकायला घेतलं, आपल्याहून लहान मुलांच्या हाताखाली. आणि थंडीत एका संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं की तो देश आता नाही. झेंडा उतरवताना दाखवला. गालीना निघाली तेव्हा तो देश कसाबसा होता, तिच्या पासपोर्टवर त्याचंच नाव होतं. वहिनींनी आमच्या ह्यांना विचारलं, ‘भाऊजी, देशच नाही म्हटल्यावर ती येईल कुठून?’ ह्यांनी चष्मा काढून पुसला.  संक्रांतीला वहिनींनी तिच्या नावचा तिळगूळ डब्यात वेगळा ठेवला. होळीला त्याला मुंग्या लागल्या.

कैऱ्यांचे ढीग आले होते बाजारात, मी लोणच्याच्या फोडी करत होते, तेव्हा खाली रिक्षा थांबली. तारा आधी उतरली, उंच झालेली, अंगात तोच स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत आलेल्या. मराठी थोडी अडखळत होती. मागून गालीना. वहिनी जिना उतरून कधी गेल्या मला कळलंच नाही. त्यांनी नातीला धरलं, सुनेच्या तोंडावरून हात फिरवला, आणि मग त्या रिक्षात वाकून बघायला लागल्या. मागच्या सीटवर. सीटच्या खाली. रिक्षावाला म्हणाला, कुछ नई है अम्मा.

‘बंडुरा?’ वहिनींनी विचारलं.

‘आईपाशी ठेवली.’ गालीना म्हणाली. ‘ती चालणार नाही आता. एकटी. तिच्यापाशी काहीतरी ठेवून यायला हवं होतं, नाहीतर मला निघताच आलं नसतं.’

गालीनाच्या आईचं खाणंपिणं शेजारीण बघायची, आणि तिची पोर रोज येऊन खाटेशी बसून वाजवायला शिकत होती. आई नुसती तारांवर हात ठेवून असायची, नवऱ्याचं वाद्य. बंडुरा तिथे ठेवायचं गालीनानं जायच्या आधीच ठरवलं होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, काकू, बोलले असते तर माझाच हात सुटला नसता बंडुरेवरून.

वहिनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. आम्ही सगळ्यांनी ते लाकूड उलटं वाचलं होतं. ती येण्यासाठीच ते घेऊन गेली होती.

पुढच्या खंडेनवमीला पाट मांडला. पुस्तकं, पाटी, विळी, अडकित्ता. मधली जागा मोकळी होती. वहिनींनी थोडा वेळ बघितलं आणि तिथे एक सुपारी ठेवली. देवाची मूर्ती जवळ नसली तर आपण सुपारी मांडतो, तिलाच देव समजतो. सुपारीवर हळदकुंकू, झेंडूचं एक फूल. शेजारी पाण्याचा छोटा माठ. गालीना बघत राहिली आणि मग खूप हसली, आणि मग हसता हसता रडली, आणि वहिनी तिला म्हणाल्या, पुरे आता, नैवेद्य आण.

वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. बरकतपुऱ्याची ती इमारत पाडून तिथे मोठी उभी राहिली, श्रीकांत आणि गालीना तिथेच वरच्या मजल्यावर राहतात. तारा बंगळुरात असते. गालीनाची आई तिच्या घरात, तिच्या खाटेवर गेली. बंडुरा त्या शेजारणीच्या पोरीकडे राहिली, ती पोर आता स्वतः आजी व्हायला आली असेल, तिनं गावातल्या मुलांना वाजवायला शिकवलं. वर्षातून दोनदा फोन यायचा आणि फोनवर ती बंडुरा ऐकवायची. माझ्या कानालाही गालीना मोबाइल लावायची. तोच थेंबांसारखा आवाज.

आता तिकडे पुन्हा रणगाडे आहेत. ही लढाई सुरू झाल्यापासून फोन कधी लागतो, कधी नाही. गेल्या काही महिन्यांत नाहीच. ते घर उभं आहे की नाही, ती पोर कुठे आहे, गोधडीतली ती वस्तू कुणी उचलून नेली की जळली, काही म्हणजे काही कळलेलं नाही. काल मी तंगेडूची जुडी घेतली आणि गालीनाला फोन केला, फुलं आली गं. ती म्हणाली, मला ठाऊक आहे काकू, खाली बाई बसलीय. मग म्हणाली, नवमीला याल ना?

जाते की दर वर्षी. मुलगा गाडीनं सोडतो, मी दसऱ्यापर्यंत राहते. ती पाट मांडते, सासू मांडायची तसाच, विळीसुद्धा, जी आता कुणी वापरत नाही. मधोमध सुपारी. दसऱ्याला नैवेद्य, आरती. मग अक्षता टाकते, सुपारीला दोन बोटं लावते, तांदळाएवढी हलवते आणि म्हणते, पुनरागमनायच. आता साठीपुढची बाई, डोक्याला पदर, मराठी माझ्यापेक्षा नीट.

मी तिचा हात हातात घेते. घट्ट. आणि आम्ही दोघी पाटाशेजारी उपड्या ठेवलेल्या तिच्या मोबाइलकडे बघत बसतो.